वाइजमध्ये संगीत एकावर एक वाजतं, गप्प बसतं किंवा सम चुकवतं: उतरंड कुठे बिघडली ते शोधा

गेममध्ये लढाई संपते, शोधाचं संगीत परत यायला हवं, पण येत नाही. किंवा येतं ते लढाईच्या संगीताच्या डोक्यावर बसून. कधी बदल होतो, पण भलत्याच ठिकाणी. कधी लूप एकदाच वाजतो आणि पुढे शांतता. ऑडिओकायनेटिकच्या वाइजमध्ये, म्हणजे गेममधला ध्वनी आणि संगीत हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, संगीत बसवताना ही दुखणी आलटूनपालटून उद्भवतात, आणि दरवेळी पहिला संशय कोडवर किंवा ऑडिओ फाइलवर घेतला जातो. बहुतेक वेळा दोष दोन्हींकडे नसतो. निर्णय चुकीच्या पायरीवर घेतलेला असतो. स्विच कंटेनरचं काम इव्हेंटवर (गेमकडून वाइजला येणाऱ्या सूचनेवर) टाकलेलं असतं, प्लेलिस्टचं काम सेगमेंटनं करावं अशी अपेक्षा असते, आणि सेगमेंटनं सांगायची गोष्ट कोणीच सांगितलेली नसते.

त्यामुळे लक्षण कुठलंही असो, आधी प्रोजेक्ट एक्सप्लोररमध्ये संगीताची उतरंड उघडून बघा. निरोगी रचना साधारण अशी दिसते:

संगीत_मुख्य: म्युझिक स्विच कंटेनर
— जंगल: म्युझिक स्विच कंटेनर
—— जंगल_शोध: म्युझिक प्लेलिस्ट कंटेनर
——— शोध_अ, शोध_ब: म्युझिक सेगमेंट
———— तंतुवाद्यं, तालवाद्यं, सूर: म्युझिक ट्रॅक
—— जंगल_लढाई: म्युझिक प्लेलिस्ट कंटेनर
— गुहा: म्युझिक स्विच कंटेनर

(नावं इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत आहेत. प्रकल्पात इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच वापरा.)

कोणाच्या पोटात कोण राहू शकतं हे वाइजनं पक्कं ठरवलेलं आहे. स्विच कंटेनरमध्ये दुसरा स्विच कंटेनर, प्लेलिस्ट किंवा सेगमेंट चालतो. प्लेलिस्टमध्ये फक्त सेगमेंट. सेगमेंटमध्ये फक्त ट्रॅक. प्लेलिस्टमध्ये प्लेलिस्ट घालता येत नाही. तिथे आतल्या आत गट करायचे असतात. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न नेमून दिलेला आहे असं समजा. आत्ता कोणतं संगीत, हे स्विच कंटेनर ठरवतो. कोणत्या क्रमानं आणि किती वेळा, हे प्लेलिस्ट. सुरुवात, शेवट आणि ठेका सेगमेंटकडे. प्रत्यक्ष ध्वनी आणि त्याचे थर ट्रॅककडे. व्हर्च्युअल फोल्डर मात्र नुसता कप्पा आहे. त्याच्यावर व्हॉल्यूम, बस (अनेक ध्वनी एकत्र जाण्याची वाट) किंवा टेंपो लावता येत नाही. सगळ्या संगीतावर एकदम काही लावायचं असेल तर वर खराखुरा कंटेनरच हवा.

दोन संगीतं एकदम वाजतात

इव्हेंट एडिटर उघडा आणि प्ले अ‍ॅक्शनचं लक्ष्य काय आहे ते पाहा. शोधासाठी एक इव्हेंट, लढाईसाठी दुसरा, आणि दोन्ही थेट आपापल्या प्लेलिस्टकडे बोट दाखवतात, अशी रचना असेल तर दोष सापडला. उतरंडीतली मधली वस्तू थेट वाजवली की तिला वरच्या कंटेनरचा व्हॉल्यूम, बस वगैरे वारसा मिळतो, पण त्या कंटेनरचा निवडीचा आणि ट्रान्झिशनचा (एका संगीतातून दुसऱ्यात जाण्याचा) मेंदू चालतच नाही. लढाई सुरू झाली हे शोधाच्या प्लेलिस्टला कळण्याचा मार्गच उरत नाही, म्हणून ती वाजत राहते.

दुरुस्ती अशी करा:

१. एकच प्ले इव्हेंट ठेवा आणि त्याचं लक्ष्य सर्वांत वरचा संगीत_मुख्य हा कंटेनर ठेवा.
२. गेम सुरू होताना तो एकदाच पाठवा, प्रत्येक लेव्हलला किंवा प्रत्येक लढाईला नाही. तोच इव्हेंट दुसऱ्यांदा पाठवला की पहिला थांबत नाही. दुसरी प्रत सुरू होते.
३. पुढचे सगळे बदल फक्त स्टेट (गेमची आत्ताची अवस्था, जसं शोध किंवा लढाई) बदलून करा.

काही जण इथे अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्लेबॅक लिमिट १ लावून मोकळे होतात. तसं करू नका. त्यानं लक्षण झाकलं जातं आणि बदलाच्या वेळी जुन्या संगीताची शेपूट व नव्याची सुरुवात एकमेकांवर यायला हवी, तिथेच कात्री चालते.

इव्हेंट पोचतो, पण आवाज नाही

एफ-६ दाबून प्रोफायलरची (वाजताना काय घडतंय ते दाखवणारी) मांडणी आणा, कॅप्चर सुरू करा आणि कॅप्चर लॉगमध्ये इव्हेंट आल्याची नोंद आहे का ते बघा. नोंदच नसेल तर प्रश्न गेमच्या बाजूचा आहे. नोंद आहे आणि व्हॉइस (प्रत्यक्ष वाजणारा ध्वनी) नाही, तर खालच्या गोष्टी याच क्रमानं तपासा.

स्विच कंटेनरला स्टेट ग्रुप (स्टेटचा गट) जोडलेला आहे, पण गेमनं लावलेली स्टेट कोणत्याही मुलाशी, म्हणजे कंटेनरच्या पोटातल्या वस्तूशी, जोडलेली नाही, हे सगळ्यांत नेहमीचं कारण. प्रत्येक स्टेट ग्रुपमध्ये ‘नन’ ही स्टेट आपोआप असते आणि गेमनं काहीच सांगितलं नाही तर ग्रुप तिथेच उभा असतो. असोसिएशनच्या, म्हणजे स्टेट आणि मुलं जोडण्याच्या, यादीत ‘नन’ रिकामं सोडलेलं असेल तर कंटेनर इमानेइतबारे काहीच वाजवत नाही. म्हणून स्टेट आधी ठरवा आणि प्ले नंतर पाठवा. हे उलटं झालं की पहिल्या क्षणी एक संगीत डोकावून जातं आणि लगेच दुसरं येतं, तेही याच कारणानं.

स्टेटऐवजी स्विच वापरला असेल तर आणखी एक खाच आहे. स्टेट सगळ्या गेमला लागू होते. स्विच एका गेम ऑब्जेक्टपुरता (गेममधल्या एका वस्तू किंवा पात्रापुरता) असतो. संगीत एका ऑब्जेक्टवर वाजतंय आणि कोडमध्ये स्विच नायकाच्या ऑब्जेक्टवर लावला जातोय, तर बदल कधीच ऐकू येणार नाही. लॉगमध्ये स्विच बदलल्याची नोंद दिसते म्हणून इथे लोक तासन्‌तास फसतात. नोंदीपुढचं गेम ऑब्जेक्टचं नाव वाचा. संगीतासाठी स्टेटच घ्या, आणि स्विच वापरायलाच लागणार असेल तर लेव्हल बदलली तरी जिवंत राहणारा एक स्वतंत्र गेम ऑब्जेक्ट संगीतासाठी राखून ठेवा.

तिसरं कारण प्लेलिस्टमध्ये लपलेलं असतं. सेगमेंट प्लेलिस्ट कंटेनरच्या पोटात आहे म्हणजे तो वाजेल, असं नाही. प्लेलिस्टच्या एडिटरमध्ये वाजण्याची यादी वेगळी असते आणि सेगमेंट तिथे ओढून टाकावा लागतो. उतरंडीत दहा सेगमेंट आणि यादी रिकामी, हे चित्र नव्या प्रकल्पात हमखास दिसतं.

हे सगळं ठीक आहे, वाइजच्या खिडकीत वाजतं आणि गेममध्येच वाजत नाही, तर साउंडबँक (गेमसाठी तयार केलेला ध्वनीचा गठ्ठा) जुनी आहे. उतरंडीत नवं मूल घातलं की बँक पुन्हा तयार करावीच लागते.

एकदा वाजून थांबतं

सेगमेंट स्वतःहून लूप होत नाही. स्विच कंटेनरखाली थेट सेगमेंट ठेवला असेल तर मध्ये प्लेलिस्ट घाला, सेगमेंट यादीत टाका आणि वरच्या गटाचा लूप काउंट इन्फिनिट करा. एकाच सेगमेंटसाठी अख्खी प्लेलिस्ट हा थाट वाटतो, पण पुढे शोध_ब आला की त्याला जागा तयार असते.

ठेका बरोबर, सम चुकते

हा दोष ओळखायला सगळ्यांत अवघड, कारण तो दरवेळी ऐकू येत नाही. बदल कधी अगदी चपखल बसतो, कधी विचित्र वाटतो, आणि तपासायला बसलं की नेमका बरोबर होतो.

उदाहरण घेऊ. संगीत ९० बीपीएमचं (मिनिटाला ९० बीट), चार-चार मात्रांचं, म्हणजे चार बीटचा एक बार. सेगमेंटचा टेंपो कोणीच भरलेला नाही, म्हणून वाइजचा मूळचा १२० बीपीएम तसाच राहिला. ट्रान्झिशन ‘नेक्स्ट बार’वर, म्हणजे पुढच्या बारच्या सुरुवातीला, आहे. १२० बीपीएमला बार २ सेकंदांचा असतो, म्हणजे वाइज दर २ सेकंदांनी बाहेर पडायची परवानगी देतो. प्रत्यक्षातल्या संगीताचा बीट मात्र ०.६६७ सेकंदाचा आणि बार २.६६७ सेकंदांचा. २ सेकंदांत त्याचे बरोबर तीन बीट होतात. म्हणून पहिली संधी येते चौथ्या बीटवर, ४ सेकंदांनी तिसऱ्या बीटवर, ६ सेकंदांनी दुसऱ्या बीटवर आणि ८ सेकंदांनी पहिल्या बीटवर. चारही वेळा बदल बीटवरच पडतो, त्यामुळे ठेका मोडल्यासारखा वाटत नाही. समेवर मात्र चारांत एकदाच येतो. टेंपो ९७ किंवा १०३ असता तर गोंधळ पहिल्याच मिनिटाला कानात शिरला असता. ९० चा हिशेब गोड जमतो, म्हणून तो महिनाभर टिकतो.

टेंपो आणि मात्रा वरून खाली वारशानं येतात. सगळं संगीत एका टेंपोचं असेल तर ते संगीत_मुख्यवर एकदाच भरा. वेगवेगळं असेल तर ज्या प्लेलिस्टपासून फरक सुरू होतो तिथे ‘ओव्हरराइड पॅरेंट’ला खूण करून भरा. प्रत्येक सेगमेंटवर स्वतंत्र आकडा टाकत बसू नका, एखादा राहतोच. आणि बाहेर पडण्याची वेळ मोजताना जे वाजतंय त्या सेगमेंटचा टेंपो धरला जातो, ज्याकडे जायचंय त्याचा नाही, हेही डोक्यात असू द्या.

टेंपो बरोबर असूनही सम चुकत असेल तर क्यू, म्हणजे सेगमेंटची खरी सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या खुणा, बघा. एफ-१० दाबून संगीताची मांडणी उघडा, सेगमेंट निवडा. हिरवी खूण एंट्री क्यू, लाल खूण एक्झिट क्यू. संगीतकारानं फाइल दिली आहे ती अशी समजा: आधी एका बारची उचल (समेआधीची छोटी सुरुवात), मग १६ बार, मग ३ सेकंदांची गुंजन विरत जाणारी शेपूट. ९० बीपीएमला उचल २.६६७ सेकंदांची, १६ बार ४२.६६७ सेकंदांचे. तर एंट्री क्यू २.६६७ वर आणि एक्झिट क्यू ४५.३३३ वर हवा. फाइल संपते ४८.३३३ ला. एक्झिट क्यू फाइलच्या टोकाला राहिला असेल तर प्रत्येक लूपमध्ये ३ सेकंदांचं भोक पडतं. लोक ते भोक फाइल कापून बुजवतात, आणि मग शेपूट कायमची जाते. फाइलला हात लावू नका, क्यू सरकवा. शेपूट ऐकू यायला ट्रान्झिशनमध्ये ‘प्ले पोस्ट-एक्झिट’ला खूण हवी.

बदल होतो, पण उशिरा

‘नेक्स्ट बीट’ लावलंय आणि तरी संगीत पाऊण-एक बार वाट पाहतं. यामागे बहुधा दोनांपैकी एक कारण असतं.

पहिलं, नव्या सेगमेंटची उचल. ‘प्ले प्री-एंट्री’ (एंट्री क्यूच्या आधीचा भाग वाजवणं) चालू असेल आणि उचल एका बारची असेल तर ती पूर्ण वाजायला तेवढा वेळ पुढे मोकळा हवा. पुढचा बीट अर्ध्या सेकंदावर असेल तर वाइज तो सोडून देतो आणि जिथे उचल मावेल अशा पुढच्या बीटची वाट बघतो. हल्ल्याच्या क्षणी लगेच बदल हवा असेल तर त्या एका नियमापुरती प्री-एंट्री बंद करा.

दुसरं, स्ट्रीमिंग. ट्रॅक डिस्कवरून स्ट्रीम होत असेल तर त्याला लुक-अहेड टाइम दिलेला असतो, म्हणजे डेटा आणायला राखून ठेवलेला वेळ. तो १००० मिलिसेकंद असेल आणि संगीत १२० बीपीएमचं, तर बीट ५०० मिलिसेकंदांचा. पुढचा बीट गाठणं शक्यच नाही. आकडा नुसता कमी केला तर डेटा वेळेत पोचत नाही आणि आवाजात खंड पडतो. ज्या सेगमेंटना पटकन यायचंय त्यांच्या ट्रॅकवर ‘झिरो लेटन्सी’ चालू करा आणि प्रीफेच लेंग्थ डिस्कच्या विलंबाला पुरेल इतकी ठेवा. तेवढा सुरुवातीचा तुकडा बँकेत, म्हणजे मेमरीत बसतो. म्हणून हे सगळ्यांना लावायचं नाही. लढाई, मृत्यू, विजय अशा मोजक्यांना.

भलताच नियम लागू होतो

शोधातून लढाईत जाताना ढोलाचा छोटा ट्रान्झिशन सेगमेंट वाजायला हवा. नियम लिहिलेला आहे, पण वाजत नाही. ट्रान्झिशनची यादी वाइज खालून वर वाचतो आणि जुळलेला पहिला नियम घेतो. सगळ्यांत वरचा ‘एनी ते एनी’ हा शेवटचा आधार. तुमचा नेमका नियम यादीत वर आहे आणि त्याच्या खाली ‘एनी ते लढाई’ असा ढोबळ नियम आहे, तर ढोबळच जिंकणार. नेमके नियम खाली सरकवा.

क्रम बरोबर असेल तर नियम कोणत्या कंटेनरवर लिहिलाय ते पाहा. जंगल_शोधकडून जंगल_लढाईकडे जाणं हा जंगलचा घरगुती मामला आहे. जंगलकडून गुहेकडे जाणं संगीत_मुख्यचं. ज्या कंटेनरची निवड बदलते त्याचे नियम चालतात. गुहेत शिरतानाचा फेड (आवाज हळूहळू कमी-जास्त होणं) जंगलच्या यादीत लिहिला असेल तर तो कधीच कोणी वाचणार नाही. हा घोळ वाढतो तो वरच्या आणि आतल्या अशा दोन्ही कंटेनरना एकच स्टेट ग्रुप जोडला की. एक बदल, दोन ठिकाणी निर्णय. वरच्याला जागेचा ग्रुप द्या, आतल्याला लढाईचा, आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

मग हे सगळं एकाच स्विच कंटेनरमध्ये दोन-तीन ग्रुप जोडून का करू नये? करता येतं, आणि छोट्या गेमला तेच बरं. पण हिशेब करा: तीन ग्रुप, प्रत्येकात चार स्टेट आणि वर ‘नन’, म्हणजे ५ × ५ × ५ = १२५ वाटा. त्या सगळ्या भरायच्या नसतात. जेनेरिक (कोणत्याही स्टेटला चालणारी) वाट ठेवली की बाकीच्या तिच्यावर येतात. मात्र ‘बेस्ट मॅच’मध्ये (सर्वांत जास्त जुळणारी वाट निवडण्याच्या पद्धतीत) ग्रुपचा क्रम महत्त्वाचा आहे: डावीकडच्या ग्रुपचं नेमकं जुळणं आधी धरलं जातं. अपेक्षेपेक्षा वेगळी वाट निवडली जात असेल तर आधी ग्रुपची जागा बदलून बघा.

दोन छोट्या खुणा. दोन स्टेटना एकच प्लेलिस्ट जोडलेली आहे आणि स्टेट बदलली की ती पहिल्यापासून सुरू होते, तर ‘कंटिन्यू प्लेइंग ऑन स्विच चेंज’ला खूण नाही. आणि स्टॉप इव्हेंट पाठवल्यावर तुम्ही लिहिलेला फेड चालत नसेल तर नवल नाही. स्टॉप अ‍ॅक्शनचा फेड वेळ इव्हेंटमध्येच भरायचा असतो. ट्रान्झिशनच्या यादीतून शांत व्हायचं असेल तर मूल न जोडलेली एक स्टेट ठेवा आणि ‘एनी ते नथिंग’ हा नियम लिहा.

नेमका कोणता नियम निवडला गेला हा अंदाजाचा विषय नाही. कॅप्चर लॉगच्या फिल्टरमध्ये म्युझिक ट्रान्झिशनच्या नोंदी चालू करा. गेमशिवायही हे तपासता येतं: संगीत_मुख्य निवडा, ट्रान्सपोर्ट कंट्रोलमध्ये वाजवा आणि तिथेच स्टेट बदला. तिथे बरोबर आणि गेममध्ये चूक असेल तर उतरंडीला दोष देऊ नका.

आवाज दबलेला, सीपीयू चढलेला

व्हॉल्यूम वरून खाली बेरजेनं उतरतो. कंटेनरवर −६ डेसिबल, प्लेलिस्टवर −३, ट्रॅकवर −३: कानाला −१२. कुठल्या तरी एकाच पायरीवर मिश्रण करा. इफेक्टचा हिशेब याहून महाग पडतो. कंटेनरवर लावलेला रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) प्रत्येक ट्रॅकवर वेगळा चालतो. चार ट्रॅकचे दोन सेगमेंट बदलाच्या वेळी एकमेकांवर आले की आठ रिव्हर्ब. तोच संगीताच्या बसवर लावला तर एक.

रचना दुरुस्त करताना नवं मोडू नये म्हणून

चालू प्रकल्पात उतरंड बदलायची तर आधी व्हर्जन कंट्रोलमध्ये नोंद करा, मगच वस्तू हलवा. सेगमेंट एका प्लेलिस्टमधून दुसरीत ओढला की जुन्या यादीतली त्याची जागा जाते आणि नव्या यादीत तो आपोआप येत नाही. स्विच कंटेनरबाहेर काढलेल्या मुलाची स्टेटशी असलेली जोडणी आणि त्याच्या नावाचे ट्रान्झिशन नियम पुन्हा तपासावे लागतात. टेंपो ओव्हरराइड केलेला नसेल तर नव्या घरी गेल्यावर त्याला नव्या पालकाचा टेंपो लागतो. ध्वनी तसाच राहतो, बारच्या रेषा तेवढ्या सरकतात, आणि वर सांगितलेला समेचा दोष मागच्या दारानं आत येतो.

नाव बदलणं उतरंडीतल्या कंटेनरच्या बाबतीत निर्धास्त आहे, वाइज आतून ओळख क्रमांकानं जोडणी सांभाळतो. इव्हेंट आणि स्टेटची नावं मात्र गेमच्या कोडमध्ये लिहिलेली असू शकतात. ती प्रोग्रामरला विचारल्याशिवाय बदलू नका. दोघेजण संगीतावर काम करत असाल तर सगळं डिफॉल्ट वर्क युनिटमध्ये कोंबू नका. वर्क युनिट ही एक्सएमएल फाइल असते आणि तिच्यातल्या दोघांच्या बदलांची गाठ हातानं सोडवणं जिकिरीचं. एक वरचा कंटेनर, एक वर्क युनिट, आणि एका वेळी त्यात एकाचाच हात.